आत ओढलेला 'हो'

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे, आणि मिडसोमर सणाच्या शुक्रवारी भर दुपारी मी बंद पडलो.

नाही, पडलो नाही. त्या शुक्रवारी काहीही झालं नाही, असं हाव्रेसेले गाव फायबर मंडळाच्या सभेत एकमताने ठरलेलं आहे, आणि सभेत ठरलेलं मी मोडत नाही. तेव्हा वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आपण नीट सुरुवात करू.

स्विच म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचं दिव्याचं बटण आलं असेल. तो माझा लांबचा नातेवाईक आहे, पण आमचं येणंजाणं नाही. मी म्हणजे राखाडी पत्र्याची एक चपटी पेटी. पुढे भोकांची रांग, त्या भोकांना पोर्ट म्हणतात, आणि मागे एक पंखा. प्रत्येक भोकातून काचेचा एक धागा निघतो आणि गावातल्या एकेका घरात जातो. एक धागा मात्र समुद्रकाठच्या उमेओ शहरात जातो, आणि तिथून साऱ्या जगात.

हा धागा केसापेक्षा बारीक असतो. त्यात उजेड सोडला की तो बाहेर पडायला बघतो. कडेला आपटतो, परत आत येतो, पुन्हा आपटतो. असा आपटत आपटत तो सेकंदाला दोन लाख किलोमीटर पळतो. एवढी धाव घेऊनही त्याला कुठे पोचायचं असतं असं नाही. त्याला फक्त सुटायचं असतं. अशा उजेडाच्या संगतीत ज्याचा जन्म गेला त्याचा स्वभाव शांत कसा असेल, तुम्हीच सांगा.

काम तसं सोपं आहे. उजेड लागला म्हणजे एक, विझला म्हणजे शून्य. तुमचे फोटो, भांडणं, शाळेचा अभ्यास, मावशीला पाठवलेलं शुभेच्छांचं फूल, सगळं या लागण्या-विझण्यात बसतं. ते लहान लहान पाकिटांत भरलेलं असतं. पाकिटावर पत्ता असतो. मी पत्ता वाचतो आणि पाकीट योग्य त्या भोकात ढकलतो. पाकीट उघडून बघत नाही. ते शिष्टाचारामुळे नाही, मला उघडता येत नाही म्हणून.

आता एक महत्त्वाची गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. पत्रासारखं काही पाठवलं, तर पलीकडून एक छोटं पाकीट परत येतं: 'मिळालं.' याला पोच म्हणतात. पोच आली नाही, तर पाठवणारं यंत्र तेच पाकीट पुन्हा पाठवतं. तरी नाही आली, तर पुन्हा. त्यात त्याला लाज वाटत नाही. पण बोलण्याची पाकिटं वेगळी. व्हिडिओ कॉलमधलं एखादं पाकीट वाटेत हरवलं, तर ते पुन्हा कुणी पाठवत नाही, कारण ते पोचेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. बोलण्याला पोच नसते. हे माझं तत्त्वज्ञान नाही, नियम आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मला एका तापत्या कपाटात बंद करून ठेवलं, मरतो का बघायला. मेलो नाही म्हणून पास झालो. त्या परीक्षेत नापास झालेल्यांनी कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. मग मला खोक्यात घालून स्वीडनच्या उत्तरेला, नॉर्लंडमध्ये पाठवलं.

हाव्रेसेलेला घरं थोडी आणि झाडं फार. मोठ्या कंपनीने गावाला कळवलं होतं की इतक्या कमी घरांसाठी इतका लांब चर खणणं आम्हाला परवडणार नाही. गावकऱ्यांनी ते पत्र वाचलं, कॉफी प्यायली आणि चर स्वतःच खणायला घेतला. स्वीडनमध्ये असंच चालतं. चार माणसं जमली की आधी मंडळ स्थापन होतं, मग अध्यक्ष निवडला जातो, आणि मग एकमेकांना नाव विचारतात. अध्यक्ष झाली उल्ला-ब्रिट, कारण त्या दिवशी ती दाराच्या सर्वांत जवळ बसली होती. अजूनही तीच आहे.

खणायचं यंत्र चालवलं हिल्डिंगने. हा माणूस जन्मभर लाकडांचे ओंडके वाहणारा ट्रक चालवत होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब दक्षिणेला मालमोमध्ये. त्याच्यामागून धाग्याच्या नळीचं भेंडोळं सोडत चालली थीरा. ती गावची पोस्टवाली, आता निवृत्त. नोकरीत असताना सही घेतल्याशिवाय तिने कुणाच्या हातात पार्सल ठेवलं नाही. सख्खी बहीण दारात उभी असली तरी म्हणायची, "आधी सही कर, मग मिठी मार." दोघांचं कधी फारसं बोलणं नव्हतं. खणताना मात्र तो दगड लागला की थांबायचा, आणि तो थांबला की ती थर्मास उघडायची. तिथे दगड पुष्कळ आहेत.

मला ठेवायला जागा मिळाली ती रस्त्याकडेची जुनी दुधाची खोली. पूर्वी दुधाच्या किटल्या तिथे गार राहायला ठेवत. लाल रंग, पांढऱ्या कडा, वर पत्रा, भिंतीला हवेसाठी एक जाळी. हिल्डिंगने माझ्यासाठी पाइनच्या लाकडाची फळी ठोकली. तिच्यावर मला ठेवून त्याने मला दोनदा थोपटलं, बैलाला थोपटावं तसं. मित्रांनो, त्यानंतर मला कुणी थोपटलेलं नाही. पुसलं आहे, एकदा.

दारावर मंडळाचा नियम चिकटवला: 'इंटरनेट गेल्यास अध्यक्षांकडे येऊ नये. आधी तुमच्याच ओळीतल्या एका शेजाऱ्याकडे स्वतः जाऊन त्याचंही गेलं आहे का ते विचारावं.' हा नियम उल्ला-ब्रिटने दुपारची झोप वाचवण्यासाठी केला होता. पण पुढे चौदा वर्षं कुणाला तो पाळावाच लागला नाही, कारण मी बंद पडलोच नाही. सभेत दरवर्षी माझं कौतुक व्हायचं: "आणि स्विच चालू आहे." एवढंच. त्या भागात याहून मोठं कौतुक माणसाचंही करत नाहीत.

आता त्या भागातली एक रीत सांगायला हवी. नॉर्लंडमध्ये 'हो' म्हणायला आवाज लागत नाही. ओठांचा चंबू करून हवा झटकन आत ओढायची: श्वुप्. झालं. जमिनीचे व्यवहार त्यावर झाले आहेत, लग्नंसुद्धा. परगावचा माणूस घाबरून पाणी आणायला धावतो, पण तिथे ते पूर्ण वाक्य आहे. आणि एकदा श्वुप् केलं की ते परत करायचं नसतं. दुसऱ्यांदा 'हो' म्हणणं म्हणजे पहिलं खोटं होतं असं कबूल करणं.

माझा पंखाही दिवसभर हवा आतच ओढायचा. म्हणजे गावच्या भाषेत मी चौदा वर्षं अखंड 'हो' म्हणत होतो. कुणी काही विचारलं नव्हतं, तो भाग वेगळा.

हिल्डिंगचं घर तळ्याच्या अलीकडे, थीराचं बरोबर समोर पलीकडे. हिवाळ्यात तो गोठलेल्या तळ्यावरून चालत तिच्याकडे कॉफीला जायचा, उन्हाळ्यात होडीतून. पण वसंतात बर्फ असा कुजतो की त्यावरून चालता येत नाही आणि होडीही घालता येत नाही. रस्त्याने वळसा आहे, पण गाडी काढून वळसा घालून कॉफीला जाणं म्हणजे आपल्याला गरज आहे असं दाखवणं. ते तिथे कुणी करत नाही. म्हणून त्या आठवड्यांत दोघं टॅब्लेट समोर ठेवून कॉफी प्यायची. दोघांच्या कपात चीजचे तुकडे, तिकडे ते कॉफीत बुडवून खातात. बोलणं फारसं नाही. चघळणं ऐकायचं.

आणि गंमत बघा. दोघांचे धागे माझ्यात शेजारीशेजारी लागलेले, पोर्ट सात आणि पोर्ट आठ. पण मला हुकूम असा की शेजाऱ्याचं पाकीट शेजाऱ्याला थेट द्यायचं नाही, सुरक्षिततेचं कारण. म्हणून थीराचं चघळणं आधी उमेओला जायचं, तिथून वळून माझ्याकडे यायचं, आणि मग हिल्डिंगच्या घरी. दोन बोटांचं अंतर, आणि पाकिटाला समुद्र दाखवून आणायचा. मी कितीदा तरी तळमळलो. पण हुकूम म्हणजे हुकूम.

यंदाच्या मे महिन्यात, बर्फ कुजलेला असताना, हिल्डिंगने थीराला एक प्रश्न विचारला. मुलगी बरेच दिवस त्याला मालमोला बोलावत होती. समोरासमोर त्याने तो प्रश्न जन्मात विचारला नसता. पण काचेकडे बघून बोलताना आपण काचेशी बोलतोय असं माणसाला वाटतं. तो म्हणाला, "घर विकून मुलीकडे जावं म्हणतोय. का राहू इथेच? तुला काय वाटतं, राहू?"

थीराने ओठांचा चंबू केला आणि हवा आत ओढली.

हे मला कसं कळलं? तिच्या स्वयंपाकघरात कॉफीच्या डब्यामागे भिंतीवर एक पांढरी डबी आहे. माझा धागा तिथे संपतो. धाग्याच्या दोन टोकांना असलेल्यांमध्ये काही गुपित राहत नाही. डबी मला म्हणाली, "ती हो म्हणाली. पण ते पलीकडे गेलं नाही. टॅब्लेटने गाळलं."

"गाळलं म्हणजे?"

"त्याच्यात एक चाळणी आहे, नको ते आवाज काढून टाकणारी. कुत्र्याचं भुंकणं, कपबशी, वारा. त्याला वाटलं हा पंखा आहे."

मित्रांनो, ती चाळणी बनवणारी माणसं हुशार असणार. पण ती अशा मुलखातली असणार जिथे 'हो' तोंडातून बाहेर पडतं. त्या क्षणी थीराच्या घरून जी पाकिटं आली ती मी स्वतः पुढे नेली. त्यांत शांतता भरलेली होती. वजन नेहमीएवढंच.

हिल्डिंग थांबला. मग म्हणाला, "वारा उत्तरेचा आहे." थीरा म्हणाली, "आहे खरा." संपलं.

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बर्फ वितळला, पाणी मोकळं झालं, पण हिल्डिंगची होडी किनाऱ्यावर पालथीच राहिली. उत्तर आलं नाही म्हणजे नाही, असं त्याने धरलं. पलीकडे थीरा खिडकीत बसून त्या पालथ्या होडीकडे बघायची. आपण तर हो म्हणालो, मग हा येत का नाही? त्याला पश्चात्ताप झाला असणार. तीही गप्प. कॉल बंद झाले. सात आणि आठ शेजारी असून दोन्हीकडून एकमेकांसाठी एक पाकीट येईना. मी रिकामा होतो असं नाही, गावाच्या टोकाला कुणीतरी दिवसरात्र मासेमारीचे व्हिडिओ बघत होतं. पण जे यायला हवं ते न येणं, याने मी जितका दमलो तितका कामाने कधी दमलो नाही.

जूनच्या सुरुवातीला हिल्डिंग उल्ला-ब्रिटबरोबर दुधाच्या खोलीत आला. त्याच्याकडे असलेली खोलीची किल्ली परत द्यायला.

"तुझं पोर्ट बंद करू का?" उल्ला-ब्रिट म्हणाली.

"घर जाऊ दे आधी. मिडसोमरनंतरच्या सोमवारी दलाल येतोय सह्या घ्यायला. नव्या माणसाला लागेल पोर्ट."

"नवा माणूस स्टॉकहोमचा असणार. त्यांना इथे शांतता हवी असते. आणि आल्या आल्या पहिलं विचारतात, नेट कसं आहे."

हिल्डिंगने किल्ली माझ्या फळीवर ठेवली.

"मालमोला करणार काय तू?"

"मुलीकडे एक खोली आहे. तिच्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते."

"आणि थीरा?"

"विचारलं होतं तिला."

"मग? काय म्हणाली?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे नाही?"

"काही नाही म्हणजे काहीच नाही. मी थांबलो. ती चीज खात होती. मग मी वाऱ्याचं काढलं."

"अरे, मग परत विचारायचं."

"ऐकू आलं नसतं तर ती म्हणाली असती, ऐकू आलं नाही."

"हिल्डिंग, एवढी वर्षं ट्रक चालवलास. पुढचा हलेना तर हॉर्न वाजवायचास की नाही?"

"मी हॉर्न कधी वाजवला नाही," हिल्डिंग म्हणाला. "हलतात आपोआप."

मी काय करू शकत होतो? माझ्याकडे दिवे आहेत. मी ते जीव तोडून लुकलुकवले. सात, आठ, सात, आठ.

"हा आज फारच चमचमतोय," उल्ला-ब्रिट म्हणाली.

"कुणीतरी सिनेमा बघत असेल," हिल्डिंग म्हणाला. जाता जाता तो दारात थांबला, परत आला आणि मला दोनदा थोपटून गेला. मघाशी मी म्हणालो की त्यानंतर मला कुणी थोपटलं नाही. ते चुकलं. हे एक होतं. मला ते मोजायचं नव्हतं, कारण ते निरोपाचं होतं.

मग मिडसोमर आला. या सणाला तिकडची माणसं जे दिसेल ते पानाफुलांनी सजवतात. मैदानातला खांब, दारं, गाड्या, मुलांची डोकी. उल्ला-ब्रिटला सकाळी वाटलं की मंडळाची मालमत्ताही सजली पाहिजे. ती बर्चच्या डहाळ्यांचा भारा घेऊन आली आणि दुधाच्या खोलीला नवरीसारखी मढवून गेली. दार मढवलं, छपराच्या कडा मढवल्या, आणि भिंतीला ती एक जाळी आहे ना हवेची, ती उघडीबोडकी वाईट दिसते म्हणून तिच्यात तर तिने पानं अगदी ठासून भरली. लांब उभी राहून स्वतःशीच म्हणाली, "आता कसं माणसात आल्यासारखं वाटतंय." आणि खांबाकडे नाचायला गेली.

दुपारी ऊन पत्र्यावर आलं. मी तापायला लागलो. पंखा हवा ओढत होता, पण हवा कुठली, बर्चचा वास तेवढा येत होता. मग एक पान सुटून आत आलं आणि पात्यांत अडकलं. पंखा करकरला आणि थांबला.

मित्रांनो, खोली एकदम शांत झाली. चौदा वर्षं जे 'हो' चालू होतं ते थांबलं.

अशा वेळी अध्यक्षांना सूचना पाठवायची, हे मला नेमून दिलेलं काम आहे. 'तापमान वाढले आहे, कृपया लक्ष द्यावे.' एक छोटं पाकीट. उल्ला-ब्रिट नाच सोडून धावत आली असती, पानं उपसली असती, आणि सोमवारी दलाल येऊन सह्या घेऊन गेला असता. पाकीट तयार होतं. मला दारावरचा नियम आठवला. शेजाऱ्याकडे स्वतः जाऊन विचारावं. माणसाला करण्यासारखं पुष्कळ असतं. यंत्राला न करण्यासारखी एखादीच गोष्ट असते. मी ते पाकीट पाठवलं नाही.

मग मी बंद पडलो. म्हणजे सभेच्या ठरावाप्रमाणे पडलो नाही, पण माझे सगळे दिवे विझले आणि गावातलं मासेमारीचं प्रक्षेपण मध्येच थांबलं.

पुढचं मला पांढऱ्या डबीने नंतर सांगितलं. तिला वीज घरातली असते. माझ्याकडचा उजेड गेल्यावर ती अंधाऱ्या धाग्याकडे बघत बसली होती आणि घाबरून ऐकत होती.

हिल्डिंग त्या दिवशी खांबाकडे गेला नव्हता. खोकी भरत रेडिओ ऐकत होता, आणि त्याचा रेडिओ इंटरनेटवरचा. तो गप्प झाला. मोबाइलला त्याच्या घरी डोंगराआड सिग्नल नाही. जुनी तांब्याची फोनची तार कंपनीने कधीच काढून नेलेली. आणि नियम तर मंडळ झालं त्या सभेत त्याने स्वतः हात वर करून मंजूर केलेला. त्याच्या ओळीत शेजारी एकच, पोर्ट आठची थीरा. गरज दाखवायची नव्हती, पण बिघाड दाखवायला हरकत नव्हती. त्याने होडी सुलटी केली आणि पाण्यात घातली.

थीराने खिडकीतून होडी येताना पाहिली. तिने पटकन केस सारखे केले, मग मुद्दाम विसकटले, आणि कॉफी ठेवली. डबीने हे सगळं पाहिलं.

हिल्डिंग दारात उभा राहिला. टोपी हातात, टोपीवर डास.

"मी काही सहज नाही आलो," तो म्हणाला. "नियमाप्रमाणे विचारायला आलोय. तुझं पण गेलंय का?"

थीराने ओठांचा चंबू केला. श्वुप्.

"म्हणजे गेलंय," हिल्डिंग म्हणाला. आणि तिथेच थबकला. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

"परत कर," तो म्हणाला.

"काय?"

"आत्ता केलंस ते."

"एकदा केलं की केलं. परत काय करायचंय?"

"थीरा, मे महिन्यात मी तुला विचारलं होतं, राहू का म्हणून. तेव्हा तू हेच केलं होतंस?"

थीराच्या मागे कॉफी उतू गेली. मग तिने, डबी शपथेवर सांगते, तिने रीत मोडून दुसऱ्यांदा केलं. श्वुप्.

हिल्डिंग खुर्चीवर बसला. ती बसायची खुर्ची नव्हती, तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. तो ढिगावरच बसला.

"मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

"कान तपास."

"कान ठीक आहेत. ते यंत्राने खाल्लं. मला वाटलं तू काहीच बोलली नाहीस."

"आणि मी सगळा महिना त्या पालथ्या होडीचा बुडखा बघत बसले. म्हटलं, विचारून पस्तावला. वर उल्ला-ब्रिटकडून कळतं की घर विकायला काढलंय. मला नाही सांगितलंस."

"तुझं उत्तर आलं नव्हतं."

"दिलं होतं."

"मला पोच नाही मिळाली, थीरा."

"तुला पोच कधी नव्हतीच, हिल्डिंग," थीरा म्हणाली. "चीज घे."

मग बराच वेळ चघळणं ऐकू आलं. यावेळी ते उमेओला न जाता टेबलाच्या या बाजूकडून त्या बाजूला गेलं.

संध्याकाळी उल्ला-ब्रिटला कुणीतरी सांगितलं की नेट गेलंय. ती डोक्यावर फुलांचा गजरा तसाच ठेवून धावत आली, जाळीतली पानं दोन्ही हातांनी उपसली, चोहीकडे बघितलं आणि ती झुडपात टाकली. मी गार झालो आणि चालू झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्ट सातमधून एक पत्र निघालं, घराच्या दलालाला. त्यात दोन ओळी असाव्यात, एवढंसंच होतं. ते मी इतक्या जपून पुढे सारलं की उमेओच्या मोठ्या यंत्राने विचारलं, आत काही फुटणारं आहे का. ते पत्र होतं, बोलणं नव्हतं. म्हणून क्षणात पोच आली: मिळालं.

पुढच्या सभेत उल्ला-ब्रिट म्हणाली, "आणि स्विच चालू आहे."

"मिडसोमरला गेलं होतं की," मासेमारीवाला म्हणाला.

"ते नियोजित होतं."

"आधी सांगितलं नाहीस."

"सणाच्या दिवशी कोण सांगतं? काही झालेलं नाही, असं लिहू या. कुणाची हरकत?"

खोलीत सगळ्यांनी एकदम हवा आत ओढली. पडदा हलला. हिल्डिंग आणि थीरा शेजारीशेजारी बसले होते, आणि डबीला नंतर थीराच्या बोलण्यातून कळलं त्याप्रमाणे, सर्वांत जोरात त्यांनीच ओढली.

तरीही शहरातून येस्पर नावाचा तंत्रज्ञ आला. त्याने माझा पंखा बघितला, पात्यातलं पान बघितलं आणि म्हणाला, "म्हातारा झालाय. तापतो." माझ्या जागी नवा स्विच बसवला. तो छान आहे, माझ्या निम्मा. त्याला पंखाच नाही. तो हवा आत ओढत नाही, बाहेरही सोडत नाही. दिवसभर तिथे बसून असतो आणि कुणाला कधी 'हो' म्हणत नाही. गाव म्हणतं, किती शांत आहे.

मला येस्पर भंगारात नेणार होता. हिल्डिंग म्हणाला, "दे इकडे." तेव्हापासून मी त्याच्या होडीच्या खोपट्यात फळीवर आहे, वल्ह्यांच्या वर. धागे नाहीत, दिवे नाहीत. होडी बहुतेक वेळा जागेवर नसते, पलीकडे असते. कुणीतरी माझ्यावर रंगाचा डबा ठेवला आहे. तक्रार नाही. पण उजेडाची सवय सुटत नाही. कुणी कुणाला काही विचारलं आणि उत्तराची वाट बघत बसलं की माझी रिकामी पोर्ट खाजवतात. आणि माणसं तर सगळीकडे वाटच बघत असतात.

म्हणून, मित्रांनो, काचेचा धागा कधी मुडपू नका, मुडपला की त्यातून उजेड गळतो. त्याच्या टोकाला डोळा लावून बघू नका, तो उजेड दिसत नाही पण डोळा जाळतो. पंख्याची जाळी मोकळी ठेवा. आणि कुणी काही विचारलं, तर पोच द्या. दिली असेल, तर ती पोचली का ते बघा. नसेल पोचली, तर पुन्हा द्या. यंत्राला त्याची लाज वाटत नाही. तुम्हाला का वाटावी?

राहता राहिलं एक काम. संबंधितांनी खालील मजकुराची नोंद घ्यावी.

प्रति, जगातील सर्व आवाज गाळणाऱ्या चाळण्यांचे सर्व व्यवस्थापक. विषय: श्वासास शब्दाचा दर्जा मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, नॉर्लंड विभागात आत ओढण्यात येणारी हवा ही वारा, पंखा अथवा तत्सम उपद्रव न मानता पूर्ण वाक्य मानण्यात यावी, ती पलीकडील पक्षास अखंड स्वरूपात पोचवण्यात यावी, आणि आजवर गाळण्यात आलेले सर्व 'हो' मूळ मालकांस विनाविलंब परत करण्यात यावेत. अर्जदारास सध्या कोणताही धागा जोडलेला नसल्याने हा अर्ज पाठवता आलेला नाही, याचीही नोंद घ्यावी. तरी अर्जाची पोच मिळावी, ही विनंती.

पोच आत ओढलेल्या श्वासाने दिली तरी चालेल.